सव्वाशे ग्रॅम पाव आणि एक सिंफनी

लढाईचं गाणं म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पोवाडा उभा राहतो. डफ, तुणतुणं, शाहिराचा चढा आवाज आणि मागे साथ धरणारे झीलकरी. लढाई कुठे झाली, कोण पडलं, कोण जिंकलं हे सगळं त्यात शब्दांनी सांगितलेलं असतं. पण मैत्रिणींनो, शब्दच नसतील तर? नुसत्या वाद्यांनी लढाई सांगायची झाली तर ती कशी सांगायची? युरोपातल्या संगीतकारांनी हा उद्योग पुष्कळ केला आहे. कुणी हौसेनं, कुणी पैशासाठी, कुणी राजाच्या आज्ञेवरून. आणि एकानं तर डोक्यावर बॉम्ब पडत असताना केला. आज मला सांगायची आहे ती मुख्यतः त्या शेवटच्याची गोष्ट.

सिंफनी हा शब्द पाहून पान उलटू नका बरं का! ते आपलं काम नव्हे, असं वाटायचं काहीच कारण नाही. ऐंशी-शंभर वादक एकत्र बसतात, प्रत्येकापुढे कागद असतो, आणि कागदावर जे लिहिलं असेल तेच आणि तेवढंच वाजवायचं असतं. आपल्या गवयासारखी मनात आली म्हणून एखादी तान घेतली, अशी सोय तिथे नाही. समोर संचालक हातात बारीक छडी घेऊन उभा असतो, तो सगळ्यांना एका लयीत बांधून ठेवतो. आणि ही वाद्यं तरी आपल्याला कुठे परकी आहेत? जुन्या चित्रपटांतल्या गाण्यांत दोन कडव्यांच्या मधे व्हायोलिनचा ताफा उसळून येतो ना, तो वाजवणारे कितीतरी जण गोव्याचे होते. लहानपणी चर्चच्या शाळेत नोटेशन शिकायचं आणि पोटासाठी मुंबई गाठायची, असा त्यांचा रिवाज. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस ही त्यांतली नावाजलेली मंडळी. तेव्हा आपला कान तयार आहे, फक्त आपल्याला ते ठाऊक नसतं.

आधी दोन जुन्या लढायांचं थोडक्यात सांगते.

२१ जून १८१३ रोजी स्पेनमध्ये व्हितोरिया इथे इंग्रजांच्या बाजूनं लढणाऱ्या सैन्यानं फ्रेंचांचा पराभव केला. सेनापती होता वेलिंग्टन. हा वेलिंग्टन म्हणजे आपला जुना ओळखीचाच! दहा वर्षांपूर्वी, १८०३ च्या सप्टेंबरात, जालना जिल्ह्यातल्या असईला शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजांशी लढला तोच आर्थर वेलस्ली. इतिहासाच्या तासाला हे सांगितलं की मुलींचे चेहरे एकदम उजळतात. तर या विजयावर बेथोव्हेननं 'वेलिंग्टनचा विजय' नावाची रचना केली. एका बाजूला इंग्रजांचा बँड, दुसऱ्या बाजूला फ्रेंचांचा, मधे बंदुकांचे आणि तोफांचे आवाज. तोवर बेथोव्हेनचे कान जवळजवळ गेलेले होते. ८ डिसेंबर १८१३ ला व्हिएन्नात जखमी सैनिकांच्या मदतीसाठी हा कार्यक्रम झाला आणि लोकांनी तो डोक्यावर घेतला. पुढच्या जाणकारांनी मात्र या रचनेला नाकं मुरडली आणि त्यांचं फारसं चुकलं असं मला वाटत नाही. रचनेची कल्पना मुळात मेल्झेल नावाच्या एका खटपट्या माणसाची. त्याच्या वाजणाऱ्या यंत्रासाठी ती आधी योजलेली होती. याच मेल्झेलनं पुढे, १८१५ मध्ये, लयीचे ठोके देणाऱ्या मेट्रोनोमचं पेटंट घेतलं. मेट्रोनोम हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दुसरी रचना चायकोव्हस्कीची, '१८१२' याच नावानं ओळखली जाणारी. नेपोलियन रशियावर चालून गेला, ७ सप्टेंबर १८१२ ला बोरोदिनोच्या मैदानात एका दिवसात दोन्हीकडची मिळून सत्तर हजारांच्या आसपास माणसं मेली किंवा जखमी झाली, नेपोलियन मॉस्कोत शिरला तर शहर पेटलेलं, आणि अखेर थंडीत त्याला माघार घ्यावी लागली. त्या विजयाची आठवण म्हणून बांधलेल्या मॉस्कोच्या मोठ्या चर्चच्या निमित्तानं चायकोव्हस्कीनं १८८० मध्ये ही पंधरा मिनिटांची रचना केली. तिच्यात तोफांचे सोळा बार लिहिलेले आहेत. हो, सुरांच्या कागदावर तोफ! गंमत म्हणजे स्वतः चायकोव्हस्कीला ती मनापासून आवडली नव्हती. नादेझ्दा फॉन मेक नावाची एक श्रीमंत विधवा त्याला दर वर्षी पैसे पाठवत असे. दोघांनी एकमेकांना शेकडो पत्रं लिहिली, पण समोरासमोर भेटायचं नाही असा करार, आणि तो पाळलाही. तिला लिहिताना त्यानं कबूल केलं, की ही चीज फार गोंगाटाची होणार आहे आणि आपण ती जिव्हाळ्यानं लिहिलेली नाही. आता तीच रचना अमेरिकेत ४ जुलैला, स्वातंत्र्यदिनाच्या आतषबाजीबरोबर वाजते. बोस्टनमध्ये १९७४ पासून तो पायंडा पडला. रशियानं फ्रान्सला हरवलं, त्याचा आनंद अमेरिकेत!

या दोन्ही रचना लढाई संपल्यावर, लांब बसून लिहिलेल्या. ऐकायला झकास, पण माझ्या मनाला त्या लागल्या नाहीत. मनाला लागली ती लेनिनग्राडची.

गच्चीवरचा संगीतकार

लेनिनग्राड म्हणजे आताचं सेंट पीटर्सबर्ग. १९९१ मध्ये त्याला जुनं नाव परत मिळालं. द्मित्री शोस्ताकोविच याच शहरात १९०६ मध्ये जन्मला. आई पियानो वाजवणारी, पहिले धडे तिनंच दिले. २२ जून १९४१ ला जर्मनीनं रशियावर हल्ला केला तेव्हा तो पस्तिशीच्या आत-बाहेरचा, नाकावर जाड भिंगांचा चष्मा, घरात बायको नीना आणि दोन लहान मुलं, गालीना आणि मॅक्सिम. नीना स्वतः पदार्थविज्ञान शिकलेली. सैन्यात घ्या म्हणून तो गेला, पण डोळे अधू म्हणून त्याला परत पाठवलं. मग संगीत विद्यालयाच्या छपरावर आग विझवणाऱ्यांच्या पथकात त्यानं नाव घातलं. आगीच्या बंबवाल्याचं शिरस्त्राण घातलेलं त्याचं चित्र पुढे, १९४२ च्या जुलैत, अमेरिकेच्या 'टाइम' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर आलं.

त्याच उन्हाळ्यात त्यानं आपली सातवी सिंफनी लिहायला घेतली. ८ सप्टेंबरला जर्मनांनी शहराचा जमिनीवरचा शेवटचा रस्ता तोडला. त्याच दिवशी बॉम्बहल्ल्यात अन्नाच्या मोठ्या कोठारांना आग लागली. १७ सप्टेंबरला शोस्ताकोविच रेडिओवर बोलला आणि आपल्या नव्या सिंफनीचे दोन भाग लिहून झाल्याचं त्यानं शहराला सांगितलं. विचार करा, बाहेर तोफा चालू आहेत आणि रेडिओवर एक माणूस सांगतोय की माझं काम ठरल्याप्रमाणे चाललं आहे! ऐकणाऱ्या बायाबापड्यांना त्याचा काय आधार वाटला असेल! तिसरा भाग संपल्यावर ऑक्टोबरच्या आरंभी सरकारनं त्याला, बायकोला आणि मुलांना विमानानं बाहेर काढलं. आई आणि बहीण मात्र मागेच राहिल्या. त्या पुढच्या वसंतात सुटल्या. चौथा भाग त्यानं दूर व्होल्गाकाठच्या कुइबिशेवला २७ डिसेंबरला पुरा केला आणि सिंफनी लेनिनग्राड शहराला अर्पण केली. पहिला प्रयोगही तिथेच, ५ मार्च १९४२ रोजी झाला. मग सगळ्या नोटेशनची सूक्ष्म छायाचित्रं काढून ती तेहरान आणि कैरोमार्गे पश्चिमेकडे गेली. लंडनला वाजली, न्यूयॉर्कला तोस्कानिनीनं वाजवली.

राहिलं ते एकच शहर. जिच्यासाठी ती लिहिली, ती नगरी.

रेशनच्या रांगेत

आपल्याला रेशनची रांग नवी नाही. रॉकेलसाठी, साखरेसाठी, पामतेलासाठी आपल्या आया-सासवा उभ्या राहिल्या आहेत. पण हे वाचा. २० नोव्हेंबर ते २५ डिसेंबर १९४१ या काळात लेनिनग्राडच्या कारखान्यातल्या कामगाराला दिवसाला २५० ग्रॅम पाव मिळे आणि बाकीच्यांना, म्हणजे कारकून, घरातल्या बायका, म्हातारी माणसं आणि मुलं यांना, १२५ ग्रॅम. वाण्याकडे आपण सव्वाशे ग्रॅम जिरं मागतो ना, तेवढं वजन. आणि तो पाव तरी कसला! पिठात लाकडाचा भुसा म्हणावा तसला लगदा, पेंड, कोंडा असं काय काय मिसळलेलं. ओला, जड, त्यामुळे वजनाच्या मानानं तुकडा आणखी लहान. बरोबर भाजी नाही, डाळ नाही, पुष्कळ दिवस तर काहीच नाही. लोक सुताराच्या सरसापासून खळ करत, चामड्याचे पट्टे उकळत. नळाला पाणी नाही, दिवे नाहीत, गोठणबिंदूच्या खाली वीस-तीस अंश थंडी, आणि घर उबदार ठेवायला खुर्च्या-टेबलं जाळायची.

हे लिहिताना मला सारखी आठवते ती त्या घरांतली बाई. पावाचा तो तुकडा तिच्या हातात यायचा आणि तो कापायचं काम तिचं. मुलाला किती, सासूला किती, आपल्याला किती! आपण चार पोळ्या पाच माणसांत वाटताना स्वतःची अर्धी कमी करतो आणि ते कुणाला कळू देत नाही. तसंच तिनं केलं असेल. फरक एवढाच की तिथे त्या अर्ध्या पोळीनं माणूस जगायचं किंवा मरायचं.

वेढा ८७२ दिवस चालला. गोठलेल्या लादोगा सरोवरावरून ट्रक नेऊन थोडं धान्य आत येई, थोडी माणसं बाहेर जात. तरी नागरिकांतले आठ लाख किंवा त्याहूनही अधिक लोक गेले असा अंदाज आहे, आणि त्यांतले बहुतेक बॉम्बनं नव्हे, भुकेनं. पिस्कार्योव्स्कोये या एकाच दफनभूमीत पाच लाखांच्या जवळपास माणसं मातीआड आहेत.

घराघरांत भिंतीवर रेडिओचे कर्णे होते. कार्यक्रम नसे तेव्हा त्यावर मेट्रोनोमचे ठोके लावून ठेवत. संथ ठोके म्हणजे आता धोका नाही. जलद ठोके म्हणजे विमानं येताहेत, खाली पळा. मेल्झेलच्या त्या यंत्राला असंही काम करावं लागेल हे त्याच्या स्वप्नातही आलं नसेल. ठोके चालू आहेत, म्हणजे शहर अजून जिवंत आहे, एवढं तरी अंथरुणाला खिळलेल्यांना कळे.

पंधरा वादक

शहराचा मोठा, नामांकित वाद्यवृंद आधीच सुरक्षित जागी, नोवोसिबिर्स्कला हलवलेला होता. मागे राहिला होता रेडिओचा दुय्यम वाद्यवृंद आणि त्याचा संचालक कार्ल एलियासबर्ग. हिवाळ्यात वादन बंदच पडलं होतं. मार्चमध्ये वरून हुकूम आला, संगीत पुन्हा सुरू करा. वादक गोळा करायला माणसं घरोघर गेली. नावांच्या यादीतले कितीतरी मेलेले, कितीतरी उठता न येणारे. पहिल्या तालमीला जेमतेम पंधरा जण आले. एलियासबर्ग स्वतः इतका खंगला होता की त्याला घसरगाडीवरून न्यावं लागे. त्यानं छडी उचलली, ट्रंपेटवाल्याची पाळी आली, तर ट्रंपेट वाजेना. फुंकायला छातीत दमच नाही, असं त्यानं ओशाळून सांगितलं. तालीम पंधरा मिनिटांत संपवावी लागली.

क्सेनिया मातुस नावाची एक तरुण मुलगी त्यात ओबो वाजवायची. ओबो हे आपल्या सनईच्या घराण्यातलं, पातीनं फुंकायचं वाद्य. हिवाळाभर पडून राहिल्यानं त्याला हिरवट जंग चढला होता, आतल्या गाद्या सडल्या होत्या. ती ते दुरुस्तीला घेऊन गेली. मजुरी काय घेणार म्हणून विचारलं, तर कारागीर म्हणाला, एक मांजर आणून द्या. आतापर्यंत पाच खाऊन झाली होती त्याची! ही हकीकत तिनं म्हातारपणी स्वतः सांगितली आहे. ढोल वाजवणाऱ्या एकाला तर मेला म्हणून प्रेतांत टाकलं होतं, एलियासबर्ग शोधत गेला तेव्हा त्याची बोटं हलताना दिसली, असंही सांगतात. तो पुढे वाजवायला बसला.

एलियासबर्ग प्रेमळ होता असं मात्र कुणी म्हणत नाही. तालमीला उशीर झाला, नीट वाजवलं नाही, तर तो जादा शिधा कापायची धमकी देई. एक जण बायकोला पुरून उशिरा आला, त्यालाही त्यानं सोडलं नाही म्हणतात. वाचून मला त्याचा संताप आला. मग वाटलं, हात थरथरणाऱ्या माणसांकडून सव्वा तासाचं इतकं अवघड काम करून घ्यायचं, तर दुसरा कुणी ते कसं करून घेणार होता? अजूनही माझं मन यावर एक होत नाही.

जुलैच्या सुरुवातीला विमानानं सिंफनीचं नोटेशन शहरात आलं. चार जाड वह्या! शंभरेक वादक लागणार, त्यात आठ हॉर्न, सहा ट्रंपेट, सहा ट्रॉम्बोन. भुकेल्या छातीला सगळ्यांत जड जाणारी हीच वाद्यं. शेवटी आघाडीवरच्या सैन्यातल्या बँडवाल्यांना बोलावून घेतलं. प्रत्येकाचा कागद हातानं नकलून काढला. तालमींच्या काळात तिघे वादक दगावले. सबंध सिंफनी सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदाच वाजवून पाहता आली, तीही कार्यक्रमाच्या तीन दिवस आधी.

दिवस ठरला ९ ऑगस्ट १९४२. याच दिवशी लेनिनग्राडच्या अस्टोरिया हॉटेलात विजयाची मेजवानी करायचा हिटलरचा बेत होता, अशी गोष्ट तिथले लोक आजही सांगतात. सेनापती गोव्होरोवनं त्याआधी जर्मनांच्या तोफांवर एवढा मारा केला की कार्यक्रम चालू असताना त्यांना डोकं वर काढता येऊ नये. फिलहार्मोनिकच्या मोठ्या सभागृहात झुंबरं लागली. बायका कपाटातली लढाईच्या आधीची चांगली वस्त्रं काढून नेसून आल्या. ती अंगावर लोंबत होती, दोन माप मोठी झाल्यासारखी. एलियासबर्गचा काळा कोटही तसाच लोंबत होता. ऑगस्टमध्येही वादकांनी आतून जाड कपडे घातलेले, कारण उपाशी शरीराला ऊब धरत नाही.

रस्त्यांवरच्या कर्ण्यांतून सगळ्या शहरानं ते ऐकलं आणि शत्रूच्या खंदकांकडे तोंड करून लावलेल्या कर्ण्यांतून जर्मनांनीही. शेवटचा भाग चालू असताना वादक थकून कोसळायला आले तेव्हा माणसं उठून उभी राहिली आणि तशीच ऐकत राहिली. संपल्यावर एका लहान मुलीनं एलियासबर्गला फुलांचा गुच्छ दिला. त्या भुकेल्या गावात, जिथे बागांतून कोबी लावला होता, तिथे फुलं! युद्धानंतर कितीतरी वर्षांनी काही जर्मन माणसं एलियासबर्गला भेटली आणि म्हणाली, त्या दिवशी खंदकात ते संगीत ऐकलं तेव्हाच आम्हाला कळलं की हे शहर आपल्या हाती लागत नाही.

वेढा २७ जानेवारी १९४४ ला उठला. एलियासबर्गचं पुढे फारसं नाव झालं नाही. मोठा वाद्यवृंद परत आला, मोठे संचालक परत आले, हा बाजूला पडला. १९६४ च्या २७ जानेवारीला हयात असलेल्या वादकांना एकत्र करून त्यानं तीच सिंफनी पुन्हा वाजवली. शोस्ताकोविच ऐकायला हजर होता.

ही सिंफनी नुसती हिटलरबद्दल आहे की स्टालिनच्या जुलमाबद्दलही, यावर विद्वानांचे वाद झाले आहेत. १९३६ मध्ये सरकारी वर्तमानपत्रानं शोस्ताकोविचची जाहीर निर्भर्त्सना केली होती, जवळचे लोक अटकेत गेले होते, त्यामुळे भीती त्याला युद्धाच्या आधीपासूनच माहीत होती. दोन्ही असेल. तो गेला १९७५ मध्ये, आणि तारीख होती ९ ऑगस्ट.

आता ऐकायची असेल तर सांगते. यू-ट्यूबवर 'लेनिनग्राड सिंफनी' म्हणून शोधलं की डझनभर संच मिळतात. एका बैठकीत सगळी ऐकायचा हट्ट नको, दुपारची झाकपाक झाली की पहिला भाग तेवढा लावा. तो साधारण पंचवीस-सत्तावीस मिनिटांचा आहे. आधी सहा-सात मिनिटं शांततेतलं जगणं. मग अगदी दुरून एक ढोलकं सुरू होतं, स्नेअर ड्रम, आपल्या ताशाचा भाऊबंद, आणि त्यावर एक बावळट, गुणगुणावीशी वाटणारी चाल. तीच चाल पुन्हा पुन्हा येते, बारा वेळा. दर वेळी एखादं नवं वाद्य, दर वेळी थोडी जवळ. चार-पाच वेळा ऐकेपर्यंत आपण पाय हलवत असतो, आणि मग कधीतरी लक्षात येतं की हे आता हसण्यासारखं राहिलेलं नाही. ताशाचा ठोका सुरुवातीला ऐकू येत नाही म्हणून आवाज वाढवाल तर वाढवू नका. दहा मिनिटांनी शेजारच्या वहिनी दार वाजवतील.